नाव घातलेला डबा

कोल्हापुरात माणसाची नुसतं नाव सांगून सुटका होत नाही. नाव सांगितलं की गाव, गाव सांगितलं की आडनाव, आडनाव सांगितलं की "म्हंजे त्या पेठेतल्या अमक्याच्यातलं का?" आणि चौथ्या प्रश्नाला तुमच्या आत्याच्या नणंदेचं लग्न कुठल्या कार्यालयात झालं आणि जिलेबी कशी कमी पडली, इथवर गाडी जाते. यात वाईट काही नाही. परक्याला परकं राहू द्यायचं नाही, ही इथली माया. पण माया म्हटली की तिचा जाचही आलाच.

म्हणूनच 'सोबती' केंद्राच्या दारावर लावलेली पाटी या गावाच्या स्वभावाच्या साफ उलटी होती. "चपला बाहेर. गाव-आडनाव बाहेर. आत या." केंद्र म्हणजे मिरची कांडायच्या डंकावरच्या दोन खोल्या. ज्या पोरांचं मन पोरांवर जडतं, ज्या पोरींचं पोरींवर, जे पुरुषाच्या देहात जन्मले पण आतून बाईच आहेत, अशी माणसं राधानगरीपासून निपाणीपर्यंत कुठून कुठून रविवारी दुपारी तिथं यायची. कधी डॉक्टर येऊन बोलायचे, कधी वकील. बहुतेक वेळा काहीच नसायचं, माणसं नुसती बसायची. आठवडाभर खोटं बोलून दमलेल्या माणसाला कुठंतरी नुसतं बसता येणं हीसुद्धा चैन असते. उन्हाळ्यात खाली चटणीचा हंगाम सुरू झाला की वर सगळ्यांना ठसका लागायचा, आणि रडायचं असेल त्याने तेवढ्यात रडून घ्यायचं, असा एक अलिखित कायदा होता.

तिथं चहा करायला राजमती होती. केतनची आई. पंचावन्न पार केलेली, नवरा वारल्यापासून राजारामपुरीतल्या घरात मुलाबरोबर राहणारी, रोज सकाळी बस्तीत तीर्थंकरांचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी न घालणारी जैन बाई. केतन बँकेत होता आणि केंद्राची किल्ली त्याच्याकडे असायची.

दोन वर्षांपूर्वी त्याने तिला जेवता जेवता सांगितलं होतं, "आई, मला मुली बघायचं बंद कर. मला मुलगे आवडतात." तिने "आमटी वाढू का?" एवढंच विचारलं होतं. पुढे कितीतरी महिने दोघं त्या आमटीच्याच पातळीवर बोलत राहिले. तिला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून आणखी लाज वाटायची. लग्नाकार्याला जाणं तिने सोडलं, कारण मांडवात अक्षता पडायच्या आधी प्रश्न पडतात. कुणी विचारलंच तर "पत्रिका जुळंना" म्हणायची. पण पोटचं पोर ते. शेवटी एका रविवारी "बघतो तरी कसली माणसं हायेत" म्हणत ती केंद्रात आली, तर राधानगरीकडचा पिराजी, दोन म्हशींची धार काढून आलेला पन्नाशीचा गडी, चहाला असा खळखळा कढ आणत होता की तिला बघवेना. तिने त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. तेव्हापासून चहा तिचा.

शेजारणींना मात्र ती "महिला मंडळात जातो" असं सांगायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण या एका खोट्यातून उभं राहिलं.

हिवाळ्याच्या सुमारास एक पोरगी यायला लागली. केस कानाच्या वर कापलेले, अंगात ढगळ शर्ट, पायात कंपनीचे बूट. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कुठल्याशा कारखान्याच्या लॅबमध्ये होती आणि शहरात मुलींच्या हॉस्टेलवर राहायची. केंद्रात सगळे तिला आदी म्हणत. शनिवारी गावी जायची आणि रविवारी परत येताना स्टीलचा डबा घेऊन थेट केंद्रात यायची. डब्यात तांबड्या भोपळ्याच्या घाऱ्या असायच्या, कधी शेंगांच्या पोळ्या. डबा मध्ये ठेवायचा, झाकण उघडायचं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसायचं, अशी तिची रीत. राजमतीशी ती फारशी बोलत नसे.

"घाऱ्या कुणी केल्या गं?" राजमतीने एकदा विचारलंच. गाव विचारायला बंदी होती, घाऱ्यांबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं.

"आईनं."

"आईला सांग, बडीशेप अगदी बेतानं पडलीया. हात चांगला हाय तुझ्या आईचा."

पोरगी हसली. "सांगते," म्हणाली, आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

मार्चमधल्या एका रविवारी आदीला घरून फोन आला आणि ती गडबडीने निघून गेली. डबा राहिला. कपबशा धुता धुता राजमतीने तोही घासायला घेतला. आमच्याकडे बायकांना भांडं हातात आलं की ते उलटं करून बघायची सवय असते, कारण नाव बहुधा तळाला घातलेलं असतं. तिने उलटा केला. घासून घासून अक्षरं पुसट झाली होती, तरी वाचता येत होती. "चि. सौ. कां. रोहिणीस, राजमतीकडून. पेठ वडगाव."

ती ओला डबा हातात धरून मोरीतच बसून राहिली.

वडगावच्या एकाच गल्लीत दोघी समोरासमोर वाढल्या होत्या. रोहिणीला वडगावातच दिली, बाबासोंना, खता-बियाणांचं दुकान होतं त्यांचं. रोहिणीच्या लग्नात राजमतीने भांड्याच्या दुकानात उभं राहून, मशीनची कर्रकर्र ऐकत, हे नाव घालून घेतलं होतं. पुढे काही वर्षं दोघींचं येणंजाणं चालू होतं, पोरं झाली, मग नुसतं सणावाराला फोनवर बोलणं उरलं. दोन वर्षांपूर्वी राजमतीनेच तेही तोडलं. रोहिणीच्या मोठ्या मुलाच्या, वृषभच्या लग्नालाही ती गेली नाही. पाठची मुलगी आदिती. राजमतीने तिला बघितली होती ती दोन वेण्यांत, परकराच्या वयात.

म्हणजे ही आदी आपल्या रोहिणीची आदिती.

आता इथं दुसरी कुणी असती तर तिला धक्का बसला असता. राजमतीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, इतका आनंद तिला दोन वर्षांत झाला नव्हता. या गोष्टीचं ओझं उरावर घेऊन ती एकटीच चालली होती, आणि आता कळलं की त्याच वाटेवर तिची रोहिणीही चालते आहे. ती नक्की चालते आहे, कारण जी आई दर रविवारी डबाभर घाऱ्या तळून देते, तिला त्या कुणाच्या तोंडात जातात ते ठाऊक असल्याशिवाय का देईल? राजमतीचा हिशेब इतका सरळ होता. उलट रोहिणी आपल्यापेक्षा किती पुढची, असंही तिला वाटलं. आपण मंडळाचं नाव सांगून येतो, आणि ही बाई डबे भरून पाठवते.

केतनला तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि हे तिला माहीत होतं. चूक नकळत झाली असं कुणी म्हणू नये. थोडी कळतच झाली.

आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो. राजमतीने रवा भाजला, ओलं खोबरं खवलं, वेलदोडा कुटला आणि डबा लाडवांनी भरला. केतन बँकेत गेल्यावर तिने चांगलं लुगडं नेसलं आणि वडगावची एसटी धरली. खिडकीतून उसाचे फड मागे पळत होते आणि ही मांडीवर डबा धरून माहेरी निघालेल्या नव्या नवरीसारखी हसत होती.

"मेली न्हाईस व्हय अजून?" दारात बघताच रोहिणी ओरडली, आणि मग गळ्यातच पडली. "वृषभच्या लग्नात अक्षता मुठीत धरून मी दाराकडं बघत बसलोतो. भटजी ओरडाय लागला तरी टाकल्या न्हाईत."

"चुकलं माझं. घरात अडचण हुती."

"कसली अडचण? चल, आत ये. ह्ये जेवाय आल्यात दुकानातनं, आतल्या खोलीत पडल्यात जरा. बस की."

राजमती बाहेरच्या सोप्यात बसली. रोहिणीने पाणी आणलं, गूळ आणला. राजमतीने पिशवीतून डबा काढून पुढे ठेवला, आणि तिला वाटलं होतं तसंच रोहिणीचं तोंड झालं, आधी कोड्यात पडलेलं आणि मग हसरं.

"ह्यो डबा तुझ्याकडं कसा आला गं?"

"फिरून फिरून माझ्याकडंच आला बघ. तळाला बघ की नाव."

रोहिणीने चष्मा लावून तळ वाचला. "अगं बाई! एवढी वर्षं वापरतोय, इसरलोच हुतो. पण ह्यो आदिती घिऊन जाती की दर आयतवारी. हॉस्टेलच्या पोरींस्नी लई आवडत्यात माझ्या घाऱ्या."

इथं थांबायला हवं होतं. शहाण्या बाईला इथं कळलं असतं. पण राजमतीला काय वाटलं, तर नवरा आतल्या खोलीत आहे म्हणून ही हॉस्टेलचं नाव घेते आहे. जशी आपण मंडळाचं घेतो तशी. ज्याला खोट्याची सवय लागते त्याला समोरच्याचं खरंही खोटंच वाटतं. ती पुढे सरकली, रोहिणीचा हात हातात घेतला आणि आवाज बारीक केला.

"माझ्यापुढं कशाला लपवतीस? माझा केतन बी त्यातलाच हाय."

"कशातला?"

"आदिती जातीय त्या केंद्रात. तिथं चहा मीच करतो. लई गुणी पोर हाय तुझी. मला तर देव भेटल्यागत झालं बघ. म्हटलं, माझी रोहिणी बी माझ्यासारखीच हाय, मी एकटी न्हाय."

"राजी, काय बोलतीयास? कसलं केंद्र?"

आणि राजमतीने सांगितलं. अर्धं सांगेपर्यंत तिला रोहिणीच्या तोंडावर दिसायला लागलं होतं, पण उतारावर सुटलेली सायकल आणि तोंडातून सुटलेलं वाक्य मध्येच थांबत नाही. ज्या पोरींना पोरी आवडतात, असं ती म्हणाली. लाजायसारखं काही नाही, असंही म्हणाली. तिच्या हातातला रोहिणीचा हात हळूहळू गार पडला आणि मग तिथून निघून गेला.

"म्हणून लग्नाला न्हाय म्हणती ती," रोहिणी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "येत्या आयतवारी पावणं येणार हुतं बघायला."

"तुला ठावं न्हवतं?" राजमतीने विचारलं. विचारता विचारता तिच्या कानशिलातून गरम वाफ निघाली. "मी चुकलो असंन. दुसरीच कोण पोरगी असंल ती. केस बारीक हायेत तिचं, मला नीट..."

"आदितीनं केस कापल्यात," बाबासो म्हणाले.

ते आतल्या दाराच्या चौकटीत उभे होते, खांद्यावर टॉवेल. हा माणूस गिऱ्हाईकाशी बोलला तरी चौकात ऐकू जायचं, असा त्यांचा आवाज. आज तो इतका खाली उतरला होता की राजमतीला त्या खालच्या आवाजाचीच भीती वाटली.

"राजाक्का, उनाचं आलायसा. पाणी घ्या," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथंच उभं राहून लावला. "आदिती? आजच्या आज घरी यायचं. न्हाय, कोण आजारी न्हाय. नोकरी ऱ्हाऊ दे तिथंच. न्हाय आलीस तर मी येतो न्यायला."

रोहिणी उठलीसुद्धा नाही. डब्याचं झाकण उघडं होतं, वेलदोड्याचा वास सोपाभर झाला होता आणि लाडवांना कुणी हात लावला नव्हता.

"तुला काय मिळालं गं ह्यातनं?" तिने विचारलं.

राजमतीकडे उत्तर होतं. मला सोबत मिळाली असती, हे ते उत्तर. पण ते तोंडातून काढायची तिला लाज वाटली.

वडगावच्या स्टँडवरून तिने केतनला फोन केला. दोनदा भलत्यालाच लागला. केतनने उचलल्यावर तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, काही झाकलं नाही, रंगवलंही नाही. तेवढा एक प्रामाणिकपणा तिच्याकडून झाला. पलीकडे बँकेतला गलका ऐकू येत होता, नोटा मोजायच्या मशीनची फरफर.

"केतन? ऐकाय लागलायस न्हवं?"

"आई," तो म्हणाला, "माझं तू दोन वर्षं कुणाला सांगितलं न्हाईस. शेजारच्या काकूंना न्हाय, बस्तीत न्हाय. सख्ख्या मामाला न्हाय. तिचं एका दुपारीत सांगून आलीस."

फोन ठेवला त्याने. कोल्हापूरची गाडी लागली, भरली, निघून गेली, तरी राजमती बाकावरून उठली नाही. आपल्या पोराची गोष्ट ती तिजोरीत ठेवावी तशी जपत होती, आणि ते प्रेम आहे असं तिला दोन वर्षं वाटत होतं. ते प्रेम नव्हतं. ती लाज होती. प्रेम असतं तर दुसऱ्याच्या लेकरासाठीही तेवढंच जपलं असतं. हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही, स्टँडच्या बाकावर तिचं तिलाच समजलं. आणि समजल्यावर शेजारी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याकडेही तिला मान वर करून बघवेना.

त्या दिवशी केतन घरी आला तो दिवस मावळल्यावर. दिवस मावळल्यावर त्या घरात जेवण नसतं, त्यामुळे ताटाचा प्रश्न नव्हता, पण त्याने पाणीही घेतलं नाही. बाबासो हॉस्टेलवर पोचायच्या आत त्याने आदितीला एका ओळखीच्या वकीलबाईंच्या घरी नेऊन सोडलं होतं. बाबासोंनी हॉस्टेलच्या दारात आकाशपाताळ एक केलं, आणि पोरगी तिथं नाही म्हटल्यावर तिच्या फोनवर बोलले, "आता आलीस तरी आम्हाला न्हाईस." सज्ञान पोरगी, स्वतःच्या पायावर उभी, कायद्याने तिला कुणी ओढून नेऊ शकत नव्हतं. पण पायावर उभं राहायला पायाखाली जमीन लागते, आणि ती आपण काढून घेतली, हे राजमतीला कळत होतं.

"मी तिच्या पाया पडतो," ती म्हणाली.

"नको. तेवढं तरी नको," केतन म्हणाला. "आणि रविवारी चहाला येऊ नको."

रविवारी ती गेली. आत गेली नाही. जिन्यात, सगळ्यांच्या चपलांच्या शेजारच्या पायरीवर बसली. का गेली याचं कारण तिला सांगता आलं नसतं. घरात बसणं म्हणजे लपणं झालं असतं, आणि लपण्याचा तिला आता वीट आला होता. खाली डंक चालू होता, तिखटाचा खकाणा जिन्यात भरला होता. नेहमीपेक्षा चपला कमी दिसत होत्या.

पिराजी वर आला. तिला बघून थबकला. तिने सरकून वाट दिली, पण तो वर न जाता तिथंच उभा राहिला.

"राजाक्का, आज चावी द्यायला आलोय केतनला. दुसरी चावी माझ्याकडं हुती ती." तो घुटमळला. "माझी बायको हाय, दोन लेकी लग्नाच्या हायेत. हितं आलं की बोलाय मिळायचं. पण आता म्हटलं, आपली म्हस बरी. तिच्यापाशी बोलावं. ती कुणाच्यात लाडू घिऊन जाईत न्हाय."

तो रागाने बोलला नाही, हेच वाईट होतं. राजमतीने मान खाली घातली. त्याच्या पायांना शेण वाळलेलं होतं. हा माणूस पहाटे धार काढून, डेअरीला दूध घालून, दोन गाड्या बदलून इथवर यायचा, तो तासभर खरं बोलायला. वरून तो परत उतरून गेला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

मग बुटांचा आवाज आला. आदिती होती. सोबत वकीलबाई होत्या, त्या पुढे निघून गेल्या. आदिती बूट काढायला वाकली आणि तिची नि राजमतीची नजर एका पातळीवर आली.

"आदिती, माझं..." राजमतीने सुरुवात केली.

"मी तुमास्नी पहिल्याच दिवशी ओळखलंतं, मावशी," आदिती म्हणाली. बुटाची नाडी सोडता सोडता, वर न बघता. "माझ्या पाचव्या वाढदिवसाला तुम्ही हिरवा परकर आणलासा. तुमास्नी बघितलं तवा मी उलटी जिना उतरून जाणार हुते. मग ही पाटी वाचली. म्हटलं, हितं कुणी कुणाला ओळखत न्हाय. म्हणून बसले."

ती आत गेली. राजमतीला वाटलं, या पोरीने कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. मार बसला की फिटतं तरी. हे फिटणारं नव्हतं.

आणि त्याच दुपारी, सगळे आत गेल्यावर, जिन्याच्या तळाशी रोहिणी दिसली. डोक्यावरचा पदर नाकाला धरलेला, हातात पिशवी. एकेक पायरी चढत ती राजमतीच्या खालच्या पायरीपाशी येऊन थांबली. पत्ता तिला राजमतीनेच दिलेला होता, त्या दिवशी, मोठ्या कौतुकाने.

"आदिती आत हाय?" तिने विचारलं.

एका शब्दाचं काम होतं. व्हय म्हटलं असतं तर रोहिणी आत धावली असती, मायलेकी गळ्यात पडल्या असत्या, किंवा नसत्या. राजमतीच्या ओठांवर तो शब्द आलाही. पण कुणाची भेट कुणी घडवायची, हे ठरवणारी ती कोण? मागच्या वेळीही तिने चांगल्याच मनाने ठरवलं होतं.

"हितं कोण येतंय, कोण न्हाय, ते सांगत न्हाईत, रोहिणी."

रोहिणी बघत राहिली. "ह्ये तू सांगतीस? मला? तू?"

"व्हय," राजमती म्हणाली. तिचं सगळं तोंड भाजत होतं. "मीच."

रोहिणी मटकन पायरीवर बसली. डंकाची धडधड जिन्याला जाणवत होती आणि दोघींच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं, ते मिरचीचं असं म्हणायला सोय होती. "ह्यास्नी बस्तीत जातो म्हणून सांगून आलोय," रोहिणी म्हणाली. "जल्मात पैल्यांदा खोटं बोललो त्यांच्यापुढं." तिने पिशवीतून डबा काढला. तोच. "घाऱ्या हायेत. कुणाचं नाव घीत न्हाय मी. आत असतील त्यांनी खाव्यात. कुणी बी."

राजमतीने दारावर टकटक केलं, पण उंबरा ओलांडला नाही. केतन बाहेर आला. त्याने रोहिणीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि काही न विचारता डबा आत घेऊन गेला. दार लोटलेलं राहिलं. त्या फटीतून राजमतीला आतलं थोडं दिसत होतं. डबा मध्ये ठेवला गेला. कुणी झाकण उघडलं. कुणी हात घातला नाही. मग खिडकीशी पाठमोरी बसलेली आदिती उठली, एक घारी उचलली आणि परत खिडकीकडे तोंड करून उभ्या उभ्या खाऊ लागली. तिचे खांदे हलत होते. मग बाकीच्यांनीही एकेक घेतली.

डबा रिकामा व्हायला वेळ लागला नाही. आदितीनेच तो मोरीत नेऊन घासला, शर्टाच्या टोकाने पुसला. ती बाहेर येईल असं राजमतीला वाटलं. रोहिणीनेही ते ओळखलं असावं, ती अर्धी उठून उभी राहिली होती. पण आदिती बाहेर आली नाही. ती चहाच्या फळीकडे गेली. तिने साखरेची बरणी काढली आणि डब्यात मूठभर साखर घातली, वर आणखी अर्धी मूठ घातली आणि झाकण दाबून लावलं.

आमच्याकडे घरात दुसरं काही नसलं म्हणजे साखर घालतात. डबा रिकामा परत पाठवला म्हणजे संबंध संपला.

केतन डबा घेऊन दाराशी आला. राजमतीने सवयीने दोन्ही हात पुढे केले. भरल्या डब्यासाठी हात पुढे करायचा असतो, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं.

"केतनदादा," आतून आदितीचा आवाज आला. मोठा नव्हता, पण डंक नेमका तेव्हाच थांबला होता आणि जिन्यातल्या तिघांनाही तो ऐकू गेला. "मावशींच्या हातनं नको."

राजमतीने हात मागे घेतले आणि पदराखाली ठेवले. मग केतनला खाली उतरायला जागा व्हावी म्हणून तिने पाय आवळून घेतले आणि भिंतीला टेकून बसली. तो तिच्या शेजारून दोन पायऱ्या उतरला आणि डबा त्याने रोहिणीच्या हातात दिला.

रोहिणीने तो हलवून बघितला. आतली साखर सळसळली.

"आयतवार यायला लई उशीर लागतो," रोहिणी केतनला म्हणाली. "म्होरल्या आयतवारी शेंगांच्या पोळ्या करतो म्हणावं." आणि राजमतीकडे न बघता ती जिना उतरून गेली.